अजून एक टाक

माझी बॅग धानाच्या काट्यावर ठेवली होती.

सिंदेवाहीतल्या एका राईस मिलचा तो काटा. पोती मोजायचा. चारी कडांना कोंडा साचलेला. शेठ खुर्चीवर बसले होते. शेठानीबाई उभ्या होत्या. दिवाणजी आकडा वाचायला वाकले होते. माझी माय बॅगेपाशी उकिडवी बसली होती. बॅग माझी, पण ती उघडायला मला कोणी सांगितलं नाही. शेठानीबाई मायला म्हणाल्या, "खोल."

मायनं चेन ओढली.

वर पुस्तकं, मध्ये सलवार-कुर्ते, तळाशी आतले कपडे आणि पॅडची पाकिटं. मायनं ते सगळं दिवाणजींच्या डोळ्यांदेखत बाहेर काढलं. दिवाणजींनी मान वळवली नाही. मी जमिनीकडं पाहत राहिले. मग शेठानीबाईंनी एकेक जिन्नस मायच्या हातात द्यायला सुरुवात केली. लोणच्याची बरणी. पापड. शेव. लाडवांचे दोन डबे. आणि लाकडी पोळपाट-लाटणं, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं. हे सगळं त्यांच्या निखिलसाठी. निखिलच्या स्वतःच्या बॅगेत जागा नव्हती, तिच्यात त्याची जॅकेटं होती.

"तेवीस किलोच्या वर गेलं," दिवाणजी म्हणाले. "विमानात नाई चालत. काढा काईतरी."

शेठानीबाईंनी बोट दाखवलं. "हे काय हाये?"

"बूट हायेत बाई," माय म्हणाली. "लोखंडी टोकाचे. तिच्या कामाच्या जागी लागते म्हनते."

"तिकडं भेटत असतीन ना. इटलीत काय बूट नाई भेटत?"

शेठ हसले. दिवाणजी हसले. मायही हसली. हसताना तिनं बूट काढले आणि शेजारी कोंड्यात ठेवले. त्यांच्या जागी पोळपाट बसला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली. धान वाळवण्याच्या यंत्रावर काम करायला मला दोन-अडीच महिन्यांसाठी इटलीतल्या एका विद्यापीठात बोलावलं होतं. आणि मी त्या काट्याशेजारी अशी उभी होते, जणू मीच वजनाला आणलेली.

आम्ही बौद्ध. बाबा मी तिसरीत असताना गेले. त्यानंतर मायनं त्या मिलमध्ये कणी चाळली. सकाळी मिल, दुपारनंतर शेठच्या घरी झाडू, भांडी, धान्य निवडणं. भांडी मागच्या अंगणात यायची, तिथंच घासायची, तिथंच पालथी घालायची. आत कोण नेतं ते तिनं कधी पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ती कधी गेली नाही. तसं कोणी तिला म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज पडली नव्हती. त्या घरात काम करताना तहान लागली की ती चालत मिलच्या नळावर यायची. लहानपणी मला वाटायचं, मायला मिलचं पाणी आवडतं.

आमच्या कॉलेजमधून त्या विद्यापीठात तिघं निवडले गेले. मी, शेठचा मुलगा निखिल आणि नागपूरची श्रुती. श्रुती शेठच्या लांबच्या नात्यातली. निखिल हुशार होता, खोटं कशाला बोलू. परीक्षा त्यानंही दिली, मुलाखत त्यानंही दिली. माझा खर्च सरकारी शिष्यवृत्तीतून होता. शेठचं त्यात काही नव्हतं. तरी चौकात फ्लेक्स लागला. निखिलचा कोट घातलेला फोटो, माणसाएवढा. खाली कोपऱ्यात माझा, पासपोर्टचा. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मिल परिवाराची कन्या'. वस्तीतली माणसं तो फ्लेक्स पाहायला गेली. खूश झाली. मायनं तर त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला.

बॅगेची चेन लावता लावता शेठानीबाई मला म्हणाल्या, म्हणजे पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या, "निखिलचे कपडे पाहजो. भांडेगिंडे पाहजो. त्याले सवय नाई. पन सैपाकाले हात नको लावजो. सैपाक श्रुती करन. समजलं?"

मी मायकडं पाहिलं. मायनं मान हलवली.

"समजलं," मी म्हणाले.

इटलीत धान पिकतं हे मला आधी माहीत नव्हतं. विमानतळावरून बसनं निघालो आणि तासाभरात दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागल्या. पाण्यानं भरलेल्या. मधून पाट. डासही तसेच. मला क्षणभर वाटलं, मूल गावाकडून सिंदेवाहीला येतेय. फक्त जंगल नव्हतं आणि बांधीत वाकलेलं माणूस एकही नव्हतं.

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात मार्ता उभी होती. ती आमची प्रमुख. चाळिशीची, बारीक, केस कापलेले. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. कापडी बूट होते. तिनं मान हलवली आणि दारावरच्या पाटीकडं बोट केलं. लोखंडी टोकाच्या बुटांचं चित्र. निखिल माझ्या बाजूनं आत गेला. त्याचे बूट नवे कोरे होते. मी दोन तास बाहेर बाकावर बसले. काचेतून आतलं यंत्र दिसत होतं, ज्याच्यासाठी मी आले होते. शेवटी कोणीतरी जुन्या कपाटातून पुरुषांचे बूट काढून दिले. दोन नंबर मोठे. मी अडीच महिने त्यांत मोजे कोंबून चालले.

राहायला आम्हाला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जागा होती. मी आणि श्रुती एका खोलीत, निखिल समोरच्या. स्वयंपाकघर एकच. पहिल्या संध्याकाळी श्रुतीनं पोळपाटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मला येतच नाही गं. आमच्याकडे बाई आहे."

दोन दिवस निखिलनं ब्रेड खाल्ला. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तू करून दे ना यार. तुले तं येतेच."

"तुझी मम्मी नाई म्हणाली."

"मम्मीले कोन सांगून राह्यलं? तू नको सांगू, मी नाई सांगत."

मी रात्रीच्या जेवणाआधी मायला फोन केला. तिकडं ती झोपायच्या तयारीत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टाकून दे दोन पोळ्या. काय जाते आपलं. दोन महिन्याची तं गोष्ट हाये. पन बाईले माहीत नको होऊ देऊ."

मी पोळ्या केल्या. दोनाच्या सहा झाल्या, कारण श्रुतीही खायला लागली. मग भाजी. मग सकाळचा डबा. रविवारी निखिलच्या कपड्यांची पिशवी माझ्या दारात असायची. तो ती ठेवून निघून जायचा. मला हाकही मारायचा नाही. पिशवी दारात आहे म्हणजे कळायचं.

मी का केलं? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कोणी मारत नव्हतं. कोणी कोंडलं नव्हतं. खोलीला आतून कडी होती. पण माझ्या डोक्यात सारखा एकच हिशोब चालायचा, की मी इथं 'नाही' म्हणाले तर तिथं मायच्या हातातलं सूप जाईल. आणि दुसरंही होतं. सांगायला लाज वाटते. निखिल माझ्या हातचं खातो, याचं मला थोडं बरं वाटायचं. ज्या घरात मायला पाणी प्यायला नाही, त्या घरचा मुलगा माझ्या पोळीला तूप लावून खातोय. मला वाटलं, गोष्टी बदलत आहेत. मी यालाच बदल समजले. फुकटची बाई मिळाली होती त्याला, एवढंच.

प्रयोगशाळेतही तसंच झालं. आम्हा दोघांना जोडीनं एकाच यंत्रावर टाकलं होतं. साठवलेलं धान ओलं करायचं, मग गरम हवेवर वाळवायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी धानातला ओलावा मोजून वहीत लिहायचा. दिवसभर. मग ते धान छोट्या मिलमध्ये काढून अख्खा तांदूळ किती, कणी किती, हे पाहायचं. हवा फार तापली की दाणा पोटातून तडकतो आणि मिलमध्ये त्याची कणी होते. हे मार्तानं आम्हाला फळ्यावर चित्र काढून समजावलं. मला ते पाचवीपासून माहीत होतं. मायच्या सुपात पडलेली सगळी कणी अशीच तडकलेली असायची. उन्हात वाळवलेलं आणि घाईत मिलवर आणलेलं धान.

मी दाणा दाताखाली धरून ओलावा सांगायचे. यंत्र तेच सांगायचं, अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकानं. मार्तानं एकदा सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. मला चांगलं वाटलं. निखिलनं त्याचा व्हिडिओ काढला आणि घरी पाठवला.

पण दर पंधरा मिनिटांनी यंत्रापाशी उभं राहणं त्याला जमेना. आधी तो दुपारी जाऊ लागला, मग सकाळीच. "तू लिहून घे ना. माझ्या रकान्यात माझी सही मारून दे." अर्धे आकडे त्याच्या नावचे, अर्धे माझ्या. सही म्हणजे नावाची दोन अक्षरं फक्त. मी मारली. तीन आठवडे मी त्याच्या नावानं त्याचं काम लिहीत राहिले. पोळ्यांसारखंच तेही माझ्या अंगवळणी पडलं.

तो रविवार होता. सकाळचे साडेअकरा असतील. आपल्याकडं दुपारचे तीन. मी लाटत होते. निखिल टेबलाशी बसून खात होता. श्रुती कानात वायर घालून खिडकीत. निखिलच्या मोबाइलवर घरून व्हिडिओ कॉल आला. त्यानं मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, माझ्याकडं पाठ येईल असा. शेठानीबाईंचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. जेवला का, बारीक काऊन दिसून राह्यला, तिकडं पाऊस आहे का.

बाटली घसरली. मोबाइल टेबलावर पडता पडता त्यानं धरला, आणि त्या गडबडीत कॅमेरा माझ्याकडं फिरला.

माझे हात पिठात. समोर त्यांचा पोळपाट.

"ती काऊन लाटून राह्यली?"

निखिलनं पोळीचा घास मोडला.

"निखिल, मी काय विचारून राह्यली? ती काऊन लाटून राह्यली? श्रुती कुठी हाये?"

श्रुतीनं खिडकीबाहेर पाहिलं.

आणि निखिल म्हणाला, "मी नाई सांगतलं मम्मी. तिनंच केल्या."

शेठानीबाईंनी मान मागं वळवली. "ऐकून राह्यली का गं? पाह्य तुह्या पोरीचे गुन! मी सांगतलं होतं ना तुले? त्या दिवशी तुह्यासमोर सांगतलं होतं ना?"

तेव्हा मला त्यांच्या मागं माय दिसली. पडवीत बसली होती. पुढ्यात गव्हाचं सूप. शेठानीबाईंनी मोबाइल तिच्या तोंडासमोर नेला. मायचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. हातात तिच्या सूप, माझ्या लाटणं. मधे सात समुद्र म्हणतात ते, आणि दोघी एकाच घरच्या कामावर.

मला वाटलं, ती म्हणेल, मीच सांगतलं होतं. तीच म्हणाली होती, टाकून दे दोन पोळ्या.

मायनं हात जोडले. माझ्याकडं पाहत पाहत शेठानीबाईंना हात जोडले. "चुकलं बाई तिचं. लहान हाये. पुन्हा नाई करन."

"आता काय पुन्हा! पोटात गेलं त्याच्या महिनाभर."

"चुकलं बाई."

कॉल संपला.

स्वयंपाकघरात तव्याचा धूर झाला होता. पोळी जळत होती. निखिलनं मोबाइल खिशात घातला. मला वाटलं, काही म्हणेल. 'सॉरी' म्हणेल, निदान मान खाली घालेल. त्यानं ताटातला शेवटचा घास भाजीत बुडवून तोंडात टाकला, चावला, गिळला. मग ताट जरा पुढं सरकवलं.

"अजून एक टाक," तो म्हणाला.

मी शेगडी बंद केली.

"काऊन? काय झालं?"

"आतापासून तुझं तू पाहून घे. पोळ्या, कपडे, रीडिंग. सगळं."

"नाटक नको करू यार. मम्मीचा स्वभाव तसाच हाये. माह्या मनात तसं काही नाई. मी खाऊन राह्यलो ना?"

हे त्याचं म्हणणं मी नीट ऐकलं. त्याला खरंच वाटत होतं की खाऊन तो माझ्यावर उपकार करतोय.

"घरी सांगन मी," तो म्हणाला. "मग तुह्या मायचं तू पाहजो."

"सांग."

एवढंच बोलले मी. मोठं भाषण नाही. हात धुतले, खोलीत गेले, आतून कडी लावली. काम मी फक्त माझं सोडलं नव्हतं, मायचंही सोडलं होतं, आणि तिला न विचारता. हे मला त्याच क्षणी कळत होतं. तरी मी कडी उघडली नाही.

चौथ्या दिवशी मायचा फोन आला. शेठानीबाई काही बोलल्या नव्हत्या. फाटकावर दिवाणजींनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मिलमध्येही नाही. गावातल्या दुसऱ्या दोन मिलमध्ये ती जाऊन आली. तिथंही नाही.

"तुले दोन महिने नाई निघाले?" माय म्हणाली. "मी बारा वर्सं काढले."

फोन तिनंच ठेवला.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत ते घडलं. आता निखिलला त्याच्या पाळीचे आकडे स्वतः घ्यावे लागत होते. शुक्रवारी दुपारची पाळी त्याची. त्याला मित्रांबरोबर तलावावर जायचं होतं. सोमवारी धान मिलमध्ये काढलं तर निम्मं कणी. मार्तानं मूठभर तांदूळ टेबलावर पसरला. यंत्राच्या नोंदीत दिसत होतं की शुक्रवारी दुपारी हवा ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त तापवली गेली. लवकर वाळावं म्हणून. कोणी तापवली, हे यंत्र सांगत नव्हतं. त्या दुपारचा निखिलचा रकाना कोरा होता.

टेबलाभोवती आठ-नऊ माणसं. मार्तानं विचारलं, यंत्रावर कोण होतं?

निखिल म्हणाला, ती होती. मग जरा हसून, जसं घरचं काही सांगावं तसं, "ॲक्चुअली शी इज अवर मेड्स डॉटर. माय फादर सेंट हर. प्लीज डोन्ट बी हार्श विथ हर."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. त्यांनी दयेनं पाहिलं. मार्ता तर पुढं झाली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, हरकत नाही, तू इथवर आलीस हेच खूप मोठं आहे.

तो हात मला काट्यापेक्षा जड झाला.

मी खांदा काढून घेतला. वही उचलली. माझं इंग्रजी तेव्हाही धड नव्हतं, आजही नाही. मी म्हणाले, माझी आई त्यांच्या घरी काम करत होती, खरं आहे. त्याच्या वडिलांनी मला पाठवलं नाही, ते खोटं आहे. शुक्रवारी यंत्रावर मी नव्हते. आणि ही वही पाहा. मी तीन आठवड्यांची पानं एकेक उलटून त्यांच्यापुढं धरली. दोन नावांच्या सह्या, अक्षर एकच. 'हे सगळं मी लिहिलं आहे. त्याच्या नावचंही. तो इथं नव्हता.'

निखिल इंग्रजीत काहीतरी भराभर बोलू लागला. मार्तानं त्याला हातानं थांबवलं. तिनं वही घेतली. बराच वेळ पाहिली. दयेचं जे काही तिच्या तोंडावर होतं ते गेलं.

"शुक्रवारी कोणी बटण फिरवलं ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण ही वही कोणी लिहिली ते दिसतंय. त्यानं काम केलं नाही. आणि तू खोटी सही केलीस. दोन्ही मी लिहून पाठवणार."

तिनं पाठवलं. दोघांच्याही कॉलेजच्या कागदांत शेरा आला. निखिलच्या कागदावर गैरहजेरी. माझ्या कागदावर खोट्या नोंदी. माझ्या कामाबद्दल चांगलं जे काही होतं, ते त्या शेऱ्याच्या खाली, दुसऱ्या परिच्छेदात. मला वाईट वाटलं. पण मी तिच्याशी भांडले नाही. ती म्हणाली ते खरं होतं. त्या टेबलाभोवती कोणीतरी पहिल्यांदा मला माझ्या केल्याबद्दल जबाबदार धरलं होतं. मोलकरणीची पोरगी म्हणून माफ केलं नव्हतं. ती शिक्षा मी घेतली.

उरलेले चार आठवडे मी एकटीनं यंत्र चालवलं. निखिलला दुसऱ्या खोलीत दुसरं काम दिलं. श्रुतीनं फ्रिजमधला तिचा डबा वेगळ्या कप्प्यात ठेवला. आम्ही एका खोलीत झोपत होतो आणि ती मला फक्त 'लाइट बंद कर' एवढं म्हणायची.

ऑगस्टमध्ये घरी आले. स्टँडवर माय नव्हती. ती रोवणीला गेली होती, शेवटच्या बांध्या उरल्या होत्या. मी बॅग घरात टाकून तिच्यामागं बांधीत गेले. ती चिखलात वाकलेली. सत्तेचाळीस वर्षांची. सावलीतल्या कामाची बारा वर्षं सवय झालेली बाई. गुडघे सुजून घागरीसारखे. मला पाहून ती उभी राहिली नाही. मी सलवार खोचली आणि शेजारच्या ओळीत वाकले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी मागं मागं सरकत रोपं लावत राहिलो. ती एकदाच बोलली. "सरळ लाव."

आठवडा झाला असेल. दिवाणजी घरी आले. सोबत आमच्याच वस्तीतले एक वयस्कर भाऊ. विहाराचं काम पाहतात, बाबा गेले तेव्हा सगळं त्यांनीच केलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली. दिवाणजी उभेच राहिले, दारात.

"शेठचं म्हननं हाये की झालं गेलं सोडा," दिवाणजी म्हणाले. "रविवारी दोघीनं घरी या. पोरीनं शेठानीबाईसमोर एवढंच म्हनावं, चुकलं. निखिलबाबाची तिकडं बदनामी केली, चुकलं. बस. सोमवारपासून मायचं काम चालू."

भाऊ माझ्याकडं वळले. "बाई, शब्दच हाये तो. म्हनून टाक. मनातून नको म्हनू. मायकडं पाह्य."

मी मायकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, गुडघ्यांवर लेप. ती म्हणाली, "म्हन ना पोरी. मी रोज म्हनत होती. काई जीव गेला का माहा?"

तिघांसमोर मला एकदम रडू आलं. माय लाचार आहे असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिनं ते शब्द म्हणून म्हणून मला शिकवलं होतं. माझी फी, माझी पुस्तकं, मी. सगळं त्या शब्दावर उभं होतं. आणि आता मी तो शब्द म्हणायला नकार देणार होते, तिच्याच जिवावर शिकून.

"मी नाई येत," मी दिवाणजींना म्हणाले.

"विचार कर. मायचा विचार कर."

"तोच करून राह्यली."

"मग काय सांगू मी शेठले?"

"सांगा, पोरगी म्हनते, चुकलं नाई. आनि माय पन येनार नाई माह्या वतीनं माफी मागाले. तिनं एक डाव मागतली. मी पाह्यली ती."

माय भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. भाऊ उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. ते गेले. दिवाणजींची मोटरसायकल वळणापर्यंत ऐकू आली.

त्यानंतर अकरा दिवस माय माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं. मी शेवटच्या वर्षाला आहे. तो शेरा माझ्या फायलीत आहे. मुलाखतीत कोणी विचारलं तर काय झालं ते सांगते. माझी खोटी सहीही सांगते. एका ठिकाणी त्यामुळं मला घेतलं नाही. माय निंदणाला जाते, कापणीला जाते, काम नसेल त्या दिवशी घरी बसून गुडघे चोळते. लोक म्हणतात, पोरगी शिकली आणि मायला चिखलात उतरवलं. खरं आहे. ते माझ्यामुळं झालं. हे मी कोणाच्या डोक्यावर टाकत नाही आणि माय माफ करेल अशी वाटही पाहत नाही.

शेठच्या घरून अजून निरोप येतात. दिवाळीत आला, होळीत आला. शब्द तोच पाहिजे त्यांना.

तो त्यांना मिळणार नाही. मायचे गुडघे आणखी सुजले तरी नाही. वस्तीनं समजावलं तरी नाही. माय स्वतः माझ्या पाया पडली तरी मी तिला उचलून उभी करीन, आणि जाणार नाही.